तिरकी खुर्ची

बाळांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. आजीने सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं, मग आम्हांला वाचता येईल असं का लिहीत नाही, असं तुम्ही विचाराल. लिहिता आलं असतं. पण यात तुमच्या आजोबांचं बोलणं आहे, आणि ते इंग्रजीत घातलं की त्यांचं राहत नाही. तुमचे बाबा वाचून दाखवतील. सावकाश वाचायला सांगा, त्यांना लहानपणापासून घाई आहे.

आत्ताच का लिहिते, तर गेल्या रविवारच्या फोनमुळे. बोलणं संपत आलं होतं. दादा उठून गेला होता आणि छोटे, तू एकटीच समोर होतीस. तू म्हणालीस, "आजी, आजोबांना मी आवडत नव्हते ना?"

मी म्हटलं, "असं का वाटलं ग तुला?"

"ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. खिडकीकडे बघायचे. आणि मी श्लोक म्हणत होते तेव्हा त्यांनी मध्येच विचारलं, शर्टावर काय लिहिलंय. मी सांगितलं, तर तोंड फिरवून बसले. छानपण नाही म्हणाले."

मला बोलता येईना. दादा परत आला, पडद्याकडे बघून म्हणाला, "आजी हँग झाली," आणि तुम्ही फोन बंद केलात. मी हँग झाले नव्हते. तुला काय सांगायचं ते मला पक्कं ठाऊक होतं, पण ते कधीही सांगणार नाही असा शब्द मी आजोबांना दिला होता. तुमच्या बाबांकडूनही त्यांनी तो घेतला होता. तो शब्द आज मी मोडते आहे. आजोबा असते तर रागावले असते. रागावू देत.

आजोबांना तुमचे चेहरे दिसत नव्हते.

सुरुवात कॅलेंडरपासून झाली. आपल्या माधवनगरच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर असतं, तुम्ही पाहिलं आहे. एके सकाळी आजोबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "सगळ्या तारखा हायत. पन ज्या तारखेकडं बघावं तीच नसती."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा करण्याची त्यांची खोड होतीच. पुढे भाकरीकडे बघितलं की भाकरीचा मधला भाग दिसेना, कड तेवढी दिसे. मग माणसांचं तसंच होऊ लागलं. समोरच्याचे कान दिसत, केस दिसत, खांदे दिसत आणि तोंडाच्या जागी ओल्या पाटीवर हात फिरवल्यासारखं पुसट.

मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला आहे, कडेचा शाबूत आहे. इंजेक्शनं देऊ, पण गेलेलं परत येणार नाही. मग ते म्हणाले, "एक करा. जे बघायचं असेल त्याच्याकडे सरळ बघू नका. नजर बाजूला ठेवा आणि ते कडेला पकडा. सवयीने जमेल."

आजोबा म्हणाले, "म्हंजे आरशात बघितल्यागत."

डॉक्टरांना काही कळेना. मी सांगितलं की हे मिलिटरीत ड्रायव्हर होते आणि तिथून सुटल्यावर इथे गिरणीच्या ट्रकवर होते. आजोबांनी स्वतःच समजावलं, "ड्रायव्हरचं तोंड रस्त्याकडं असतंय, पन ध्यान कडंच्या आरशात असतं. म्हागं बसलेल्याला वाटतं, ह्येचं आपल्याकडं लक्षच न्हाई. त्येला काय ठावं, त्यो दिसतोय म्हनून!"

हे वाक्य लक्षात ठेवा. खरं म्हणजे मला एवढंच सांगायचं आहे. पण मी शिक्षिका, एका वाक्यावर थांबायची सवय नाही.

मिरजेहून परत येताना रिक्षात ते म्हणाले, "पोरांना सांगायचं न्हाई."

"का सांगायचं नाही? त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"मला दिसंना म्हनल्यावर ती दाखवायचं सोडून देतील गं. चित्र काढलं तर म्हनतील, आजोबांना काय दिसतंय? दात पडला तर म्हनतील, सांगून टाकू नुस्तं. मला सांगितलेलं नगं. मला दाखवलेलं पायजे."

मी शब्द दिला.

दादाला त्यांनी चांगल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो अंगणात पाइपने पाणी उडवायचा ते, त्याच्या गालावरचा तीळ, सगळं त्यांना पाठ होतं. छोटे, तुझी गोष्ट वेगळी. तू तिकडे जन्मलीस आणि पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा त्यांच्या डोळ्यांतलं मधलं सगळं गेलेलं होतं. तू मांडीवर होतीस आणि ते तुझ्या तोंडावरून बोट फिरवत होते. तुझी आई हसून म्हणाली, "बाबा, गुदगुल्या होतात तिला." आजोबाही हसले. ते गुदगुल्या करत नव्हते.

आता एका फोटोबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आजोबांचं गाव रहिमतपूरजवळ. मिलिटरीत भरती झाले तेव्हा निघण्याआधी त्यांचे वडील त्यांना आणि आईला साताऱ्याला फोटो काढायला घेऊन गेले. त्या माउलीने आयुष्यात कॅमेरा पाहिला नव्हता. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा, हलू नका. आणि ऐन वेळी तिने मान वळवली. मुलगा चालला होता, तिने मुलाकडे बघितलं. फोटोत आजोबा ताठ उभे आहेत आणि शेजारी नुसता पदर, पदराखाली एक कान. आजोबांची पहिली पोस्टिंग लांबची होती. आई गेल्याची तार मिळून ते गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर तिचा दुसरा फोटो कुठून असणार? मी सून म्हणून आले ती नंतर. मीही तिला पाहिलं नाही. भावकीतली जुनी माणसं एकेक करून गेली आणि शेवटी ती बाई कशी दिसायची हे सांगू शकणारे आजोबा एकटेच उरले.

तर छोटे, तुझे फोटो येऊ लागले आणि सगळे नातं लावू लागले. तुझ्या आईच्या मते तू तिच्या आईवर गेलीस. मला तू माझ्या साताऱ्याच्या माहेरच्या माणसांतली वाटायचीस. आजोबा फोन हातात धरून इकडून तिकडून बघायचे. तळहाताएवढा पडदा आणि त्यात नखाएवढं तोंड. कडेला धरूनही काही हाती लागत नव्हतं.

"कपाळ कसं हाय?" ते मला विचारायचे.

मी सांगायचे, "रुंद आहे. किंचित पुढे आलेलं. भुवया ठळक. डोळे काळेभोर, टपोरे."

एकदा वैतागून म्हणाले, "मास्तरीणबाई, तू निबंध सांगतियास. मला तोंड पायजे."

तेव्हा तुमच्या बाबांनी मोठा टीव्ही पाठवला. फोनवरचं चित्र तारेशिवाय त्याच्यावर दिसतं, असं त्यांनी सांगितलं. दुकानाचा माणूस भिंतीवर बसवून गेला. बाकीचं मी बरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचून शिकले. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला काही शिकता येत नाही.

चित्र टीव्हीवर पाठवायला फोनमध्ये ज्या ठिकाणी दाबायचं तिथे इंग्रजीत 'कास्ट' लिहिलेलं असतं. मी ते मोठ्याने वाचलं. आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "आँ? टीव्हीबी जात इचारतोय व्हय?"

"ती कास्ट नव्हे. स्पेलिंग वेगळं आहे."

"स्पेलिंग कसलं का असंना. लग्नात तुझ्या चुलत्यांनी आमच्या सात पिढ्यांची कुळी इचारली हुती, तवा कुठं चा मिळाला. आता पोरांचं तोंड बघायचं तरी जात सांगा!"

त्यानंतर दर रविवारी सकाळी टीव्ही जोडायला घेतला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय, जुळली का जात?" आणि चित्र आलं की म्हणायचे, "जुळली. आता चा टाक." तुमच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असे, आणि आजी फोन लावल्या लावल्या उठून कुठे जाते, हे तुम्हांला कधी कळलं नसेल. मी चहा टाकायला जात होते.

खुर्ची कशी ठेवायची यातच आमचे पहिले काही रविवार गेले. टीव्हीसमोर सरळ बसले तर तुमच्या तोंडांच्या जागी धुकं. म्हणून खुर्ची हळूहळू वळवत नेली. शेवटी ती अशा जागी आली की आजोबांचं तोंड खिडकीकडे आणि टीव्ही डाव्या डोळ्याच्या कडेला. तिथे ते एकदम म्हणाले, "थांब. हलवू नगंस. दोगं दिसत्यात."

फोन मी टीपॉयवर, चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवत असे. आता तुम्हीच विचार करा. तुम्ही बघत होतात फोनच्या डोळ्यातून. आजोबा बघत होते टीव्हीकडे, आणि तेही खिडकीकडे तोंड करून. म्हणजे तुम्हांला दिसायचा त्यांचा एक गाल, एक कान आणि दूर कुठेतरी लागलेली नजर. शिवाय टीव्हीवरचं चित्र फोनच्या किंचित मागे असतं. दादा वेडीवाकडी तोंडं करायचा, मी हसायचे आणि आजोबा त्यानंतर हसायचे. दादा तेव्हा म्हणाला होता, "आजोबांना जोक उशिरा कळतात." आजोबांनी ते ऐकलं. म्हणाले, "लांबनं येतोय बाबा जोक, वाटंत दमतोय."

पण त्या खुर्चीत बसून ते तुम्हांला अगदी निरखून बघायचे. फोन झाल्यावर मला सांगायचे, थोरला वाळलाय, धाकटी खाली मान घालून बोलतीय, कुणी रागावलंय काय बघ. मी समोरून, चष्मा लावून बघत असे आणि मला यातलं निम्मंही दिसलेलं नसायचं.

आता तो शर्टाचा दिवस.

त्या सकाळी तू श्लोक म्हणणार होतीस. तू पडद्याच्या अगदी जवळ आलीस आणि तुझं तोंड सबंध टीव्हीभर झालं. एवढं मोठं ते त्यापूर्वी कधीच आलं नव्हतं. तू सुरुवात केलीस, मध्ये एक शब्द अडला आणि तू हसलीस. हसताना तुझी एक भुवई वर गेली. एकच, दुसरी जागेवर.

आजोबांनी माझं मनगट धरलं. हळू आवाजात म्हणाले, "भुवई."

मी म्हटलं, "काय झालं?"

"आयची. आयची अशीच जायची वर. हसताना. डावी."

तू पुढचा श्लोक म्हणू लागली होतीस. आजोबा कुजबुजले, "ही डावी हाय का उजवी?"

हा प्रश्न त्यांना का पडला, तो माझ्या शिकवण्याचा परिणाम. टीव्ही नवा होता तेव्हा त्याच्यावर 'मिररिंग' असा शब्द आला. मी त्यांना अर्थ सांगितला होता, मिररिंग म्हणजे आरसा करणं, फोनमधलं चित्र आरशासारखं टीव्हीत पाडणं. आणि ड्रायव्हरला आरसा काय करतो हे कुणी शिकवावं लागत नाही. आरशात डावं ते उजवं दिसतं. त्यांच्या डोक्यात ते बसलं. टीव्हीत दिसते ती भुवई डावी असेल तर पोरीची खरी उजवी, आणि मग ती आईची नव्हे. इतक्या वर्षांनी एवढं जवळ आलेलं, आणि डाव्या-उजव्यावर अडलेलं.

म्हणून त्यांनी तुला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "तुज्या शर्टावर काय लिवलंय गं?"

तू शर्ट दाखवायला मागे सरकलीस आणि म्हणालीस, "समर कॅम्प."

ते मला म्हणाले, "अक्षरं सरळ हायत, का आरशातल्यागत उलटी?"

मी टीव्हीकडे बघितलं. अक्षरं सरळ होती, शाळेच्या फळ्यावर असावीत तशी. मी म्हटलं, "सरळ आहेत. चित्र उलटं होत नाही, नाव नुसतं मिररिंग. दिसते ती डावीच."

तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडे, पूर्ण. तू समोर थांबली होतीस, ते काही म्हणतील म्हणून. मी घाईने "वा, छान" म्हटलं, पण तुला ते माझ्याकडून नको होतं, हे मला आता कळतं. त्यांच्या तोंडून शब्द निघाला असता तर आवाज फुटला असता, आणि मग तुम्ही विचारलं असतं, आजोबा का रडतात. म्हणून ते बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून एका हाताने खुर्चीचा दांडा धरून बसले होते. तू गेलीस. तुझी आई म्हणाली, "बाबा दमलेत वाटतं, पुढच्या रविवारी बोलू."

दुपारी पानावर बसले. पहिला घास हातातच राहिला. म्हणाले, "आय बघितली आज."

नंतर जेवले. नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली आणि खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता सगळं तुला सांगतील, डोळ्यांचंही. पण नाही. "पुढं बघू," म्हणाले. पुढचे काही रविवार खुर्चीत बसून तुला हसवायचा प्रयत्न करायचे, ती भुवई पुन्हा वर जावी म्हणून. तू मात्र त्या दिवसापासून मागे दादाच्या आड बसू लागलीस. का, ते आम्हां दोघांना कळलं नाही. मला गेल्या रविवारी कळलं. त्यांना कळायचं राहिलं.

दिवाळीनंतर त्यांना थंडी बाधली. खोकला छातीत उतरला, सांगलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे भिंतीवर एक टीव्ही होता, पण तो माझ्या फोनला जोडला जाईना. मी बराच वेळ खटपट केली. आजोबा नाकातल्या नळीसकट म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हितली जात येगळी."

तुमचा फोन आला तेव्हा मी तो हातात धरला. त्यांनी मान बाजूला केली, तुम्ही कडेला दिसावेत म्हणून. तेव्हाही तुम्हांला वाटलं असेल, तोंड फिरवलं. फोन लहान, त्यांच्या काही हाती लागलं नाही. म्हणाले, "आवाज आला. बास झालं." तू म्हणाली होतीस, "गेट वेल सून, आजोबा." ते ऐकून मला म्हणाले, "हसली का?"

मी म्हटलं, "हो." तू हसली नव्हतीस, घाबरली होतीस. मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या आठवड्यातच ते गेले. तुम्हांला यायला जमलं नाही, त्याचा दोष कुणाचाच नाही.

दादा विचारत होता, आजी हल्ली आम्हांला टीव्हीवर का लावत नाही. तेराव्यानंतरच्या रविवारी मी एकदा लावलं होतं. जुळलं लगेच. तुम्ही दोघे एवढे मोठे खोलीभर आलात आणि मी सवयीने चहा टाकायला उठले. गॅसपाशी जाऊन उभी राहिले. कप किती काढायचे ते मला ठरवता येईना. तेव्हापासून फोन हातातच धरते. पुढे कधीतरी लावीन, पण अजून होत नाही.

खुर्ची होती तिथेच आहे, खिडकीकडे तोंड करून. केर काढायला येणाऱ्या बाई ती टीव्हीकडे सरळ करून ठेवतात. त्या गेल्या की मी पुन्हा वळवते. माझ्या सगळ्या घरात ही एकच वस्तू वाकडी आहे आणि ती मी वाकडीच ठेवणार आहे.

तुमच्या बाबांनी त्या रविवारांची काही रेकॉर्डिंगं ठेवली आहेत, मी त्यांना ती पाठवायला सांगितली. सगळी पाहिली. एकातही आजोबा तुमच्याकडे बघत नाहीत. गाल आहे, कान आहे. साताऱ्याचा तो जुना फोटो मी शेजारी घेऊन बसले होते. त्यांच्या आईचाही कानच आहे. आजोबांनी त्या फोटोबद्दल एकदाही म्हटलं नाही की आईने माझ्याबरोबर नीट फोटो काढला नाही. ती कुणाकडे बघत होती हे त्यांना माहीत होतं.

छोटे, आता तुलाही माहीत झालं.

त्या फोटोत तिचा चेहरा नाही, आणि तो पाहिलेलं माणूस आता जगात कुणी उरलं नाही. गेल्या रविवारी फोन सुरू झाला तेव्हा दादाने तुझी काहीतरी खोडी काढली आणि तू हसलीस. तुझी डावी भुवई वर गेली.